पहिल्या भागातला बुडालेला माणूस

माझा धाकटा भाऊ आमच्या कळंबच्या रानात शेततळ्यात बुडून गेला. त्यानंतर घरातला टीव्ही कुणी लावलाच नव्हता. दुखवट्याला आलेल्या कुणीतरी त्यावर टॉवेल टाकला होता, तो तसाच राहिला. मी लग्नापासून बारामतीत असते, तिथल्या शाळेत शिकवते. शनिवारी शाळा सुटली की माहेरी जायचे आणि रविवारी परत यायचे. जाऊन तरी काय करणार? आई स्वयंपाकघरात, वडील म्हणजे तात्या ओट्यावर, आणि दोघांच्या मधे मी.

भावाला पोहता यायचं. लहानपणी कॅनॉलमध्ये सगळ्या पोरांच्या आधी त्याची उडी असायची. त्यामुळं गावानं काढायचा तो अर्थ काढला. तो गेला त्याच्या थोडं आधी त्याचं लग्न मोडलं होतं. मुलगी कोऱ्हाळे बुद्रुकची. साखरपुडाही झाला होता, मग त्यांच्या घरून निरोप आला की शेती करणारा नको, नोकरीवाला हवा. भाऊ काही दिवस गप्प होता, नंतर पुन्हा डाळिंबाच्या कामाला लागला. तरी तो गेल्यावर लोक म्हणालेच, पोहणारा माणूस असा बुडत नसतो. पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली. डॉक्टरांनी बुडून मृत्यू असं लिहिलं. पाय घसरला की उडी मारली, ते कुणीच सांगितलं नाही.

तात्यांनी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं. ते रडले नाहीत. भावाचं नावही घेईनात. एकदाच माझ्यापाशी बोलले, "एका शब्दानं बोलला असता, तर मी त्या पोरीच्या बापाच्या पाया पडलो असतो. आमाला एवढं परकं करून गेला." मेलेल्या मुलावरचा राग काढायचा कुणावर? मग तो आईवर निघायचा, कधी गड्यावर, कधी समोरच्या ताटावर.

उन्हाळ्याच्या तोंडाला एका शनिवारी आभाळ भरून आलं. डाळिंबाच्या झाडांवर माल होता. गारा पडतील की काय, म्हणून तात्या म्हणाले, "बातम्या लाव जरा." मी टॉवेल काढला, टीव्ही पुसला, लावला. आई जवळच मेथी निवडत बसली होती. बातम्या संपल्या आणि लगेच एक नवी मालिका सुरू झाली. फॉरेन्सिकवाल्यांच्या तपासाची, पहिलाच भाग होता. सुरुवातीलाच तळ्यातून एका माणसाला बाहेर काढत होते.

मी रिमोट उचलला. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे."

हातमोजे घातलेली माणसं काठावर फिरत होती, फोटो काढत होती. त्यांच्यातला इन्स्पेक्टर म्हणत होता, आत्महत्या आहे, बायको सोडून गेली होती याची. मग त्या तुकडीतल्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याखाली त्या माणसाचा हात धरला आणि नखातून काहीतरी हिरवं काढलं. म्हणाल्या, "शेवाळ आहे. हा काठाला धरून वर यायचा प्रयत्न करत होता. याला जगायचं होतं."

खऱ्या डॉक्टरांनी एवढं छातीठोकपणे सांगितलं नसतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आईचे हात थांबले होते.

"त्याच्या बी नखात हुतं," ती म्हणाली.

"काय?" तात्यांनी विचारलं.

"शेवाळ. हिरवंगार. समद्या बोटांत. त्याला दवाखान्यातनं घरी आणला, तवा त्याचा हात माझ्या मांडीवर हुता. मी पदरानं काढत बसले हुते. बाया म्हणल्या, आता कशाला नखं साफ करतीस? मला वाटलं, असला घाण हात घिऊन कसं जायचं त्यानं."

तात्या उठले. त्यांनी टीव्ही बंद केला आणि तिथंच उभे राहिले. शेततळ्याला खालपासून वरपर्यंत प्लास्टिकचा कागद असतो. त्यावर शेवाळ धरलं की पाय ठरत नाही, पडलेलं कुत्रंसुद्धा वर येत नाही. धरायला वरून दोर सोडतात. आमच्या तळ्याला दोर नव्हता.

"म्हंजी त्यो चढत हुता," तात्या म्हणाले. "आगं, त्यो चढत हुता." आणि खाली बसून ते मोठ्यानं रडायला लागले. बापाला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. भावाचं नाव घेऊन ते त्याला हाका मारत होते.

आई रडली नाही. "हाक बी मारली असंल त्यानं," ती म्हणाली. "शेजारच्या द्राक्षात फवारणीचा ब्लोअर चालला हुता. मी तितंच रानात हुते, मला काय ऐकू आलं न्हाय."

तो आम्हाला टाकून गेला नाही, हे कळून मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग डोळ्यांपुढं तो कागद आला, त्यावरून घसरणारा तो आला, आणि वाटलं, हे कळलंच नसतं तर बरं झालं असतं.

सकाळी आई धुतलेलं लुगडं नेसून तयार होती. "मला कोऱ्हाळ्याला न्ही," मला म्हणाली.

"तितं काय ऱ्हायलंय आपलं?" तात्या म्हणाले.

"ती पोर हाय की."

बारामतीला गाडी बदलून आम्ही दोघी गेलो. उसातून चालत त्यांच्या घरी पोचलो, तर दारात मुलीची आई. आम्हाला बघून तिचा चेहराच उतरला. भांडायला आलो असं वाटलं असणार. मुलगी आतून आली. फार वाळली होती. गावाची कुजबुज इथवर पोचली होती, आणि तिची पुढं ठरत आलेली सोयरीकही त्यापायी फिसकटली होती.

आईनं तिला शेजारी बसवून घेतलं. "बाळा, त्यानं तुझ्यापायी जीव दिला न्हाय. घसरला त्यो. वर यायला लई धडपडला."

मुलगी तिला अजून आत्याच म्हणत होती, सासूला म्हणतात तसं. "आत्या, खरंच?"

"खरंच."

मुलीचा जीव आता हलका होईल असं मला वाटत होतं. पण ती हळूच म्हणाली, "मग... लई वेळ लागला असंल का त्यास्नी?"

आईनं मुलीला जवळ ओढलं, आणि इतके महिने आवरून धरलेली माझी आई त्या परक्या घरात, त्या मुलीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मुलीच्या आईनं चहा ठेवला. तो कुणी प्यायलं नाही.

त्या मुलीचं पुढं लग्न झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं, ते बरंच झालं. तात्या आता भावाचं नाव घेतात, त्याच्या लहानपणच्या खोड्या माझ्या पोरांना सांगतात. सांगता सांगता मधेच गप्प होतात. पोरं विचारतात, मग पुढं काय झालं? आई म्हणते, "जा, खेळा जा बाहेर."