दुसऱ्या मजल्याचा चौकोन

लालबागच्या आमच्या चाळीची वेबसाइट आहे आणि तिच्यावर दर महिन्याला निघणारं वार्तापत्र मी काढते. काढते म्हणजे काय, तर मागचा अंक उघडायचा, कॉपी करायचा, जुन्या बातम्या पुसून नव्या भरायच्या. साचा तोच, मीच बनवलेला. वर गच्चीचा फोटो, त्याखाली प्रत्येक मजल्याचा एक चौकोन, तळमजला सगळ्यात खाली. कोणाची पोरगी पास झाली, कोणाकडे बारसं आहे, ज्याचं त्याच्या मजल्यात.

मग चाळ पुनर्विकासाला गेली. बिल्डरनं आधी दुसरा मजला रिकामा करून घेतला. पिढ्यान्‌पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं, कोण भांडुपला गेलं, कोण नालासोपाऱ्याला.

तिसऱ्या मजल्यावरचे काका मंडळाचे चिटणीस. ते माझ्या दारात येऊन म्हणाले, "दुसरा मजला काढून टाक गं आता. रिकामा चौकोन बरा दिसत नाही." वर बिल्डरच्या ऑफिसनं फुकट दिलेलं तयार डिझाइनही दाखवलं. बघते तर काय, वर टॉवर, खाली स्विमिंग पूल, जिम, पार्किंग. माणसांच्या बातमीला जागाच नाही! माझं डोकंच फिरलं.

"काका, ती माणसं भाड्यानं राहायला गेलीत, मेली नाहीत. चौकोन राहणार. नसेल चालत तर दुसरं कोणीतरी बघा."

"भारी हट्टी आहेस."

आहेच मुळी.

मागचा अंक कॉपी केला आणि दुसऱ्या मजल्यात एवढंच लिहिलं: कुठे आहात, कसे आहात, कळवा.

जिन्यालगतच्या खोलीतल्या मावशींचा भांडुपवरून फोन आला. "आमचो मजलो ठेवलंस मां गो? मी भीत भीत अंक उघडलंय." आणि रडायलाच लागल्या. तिकडे सगळे दारं लावून बसतात म्हणे. "घावणे केलंय, पण देतलंय कोणाक?"

मी ते जसंच्या तसं छापलं. रविवारी त्यांच्याच मजल्यावरच्या दोघीजणी पत्ता शोधत घावणे खायला पोचल्या. त्याचीही बातमी आली. दुसऱ्या मजल्याचा चौकोन एवढा लांबला की बाकीचे त्याच्यापुढे बुटके दिसायला लागले. डिझाइन पार बिघडलं. बिघडू दे, मी हातसुद्धा लावला नाही.

पुढे तिसरा मजला रिकामा झाला. काका कल्याणला गेले. मी नवा अंक काढायला बसले होते तेव्हा त्यांचा फोन आला. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग म्हणाले, "अंक कॉपी केलास?"

"केला."

त्यांना सुनावायला माझ्याकडे खूप काही तयार होतं. पण त्या माणसाला सरळ विचारायचीही लाज वाटत होती.

"तिसरा मजला आहे तिथेच आहे, काका," मी म्हटलं. "कोण काढायला लावतो तेच बघते. बातमी सांगा."