कडोदऱ्याहून डुमसपर्यंत, एका सुटीच्या दिवशी

खानावळवाल्या वत्सलामावशींनी मला घराबाहेर काढलं, म्हणून हा प्रवास घडला. माझी शाळा लवकर सुटली, त्यामुळे लिहिताना चुकलो तर गावाकडच्या मंडळींनी सांभाळून घ्यावं.

पोटली (पिशवीतली गावठी दारू) सोडली तरी रविवारची मला फार भीती वाटते. कापडाचा कारखाना बंद, हात रिकामे. मावशी विहारात ध्यानाला बसतात. त्यांनी मला श्वासाकडे बघायला शिकवलं होतं.

"तलफ आली की हाकलू नको," त्या म्हणाल्या. "पाव्हण्यासारखी बसू दे. चहा मात्र पाजू नको! आणि आज खोलीवर थांबूच नको. समुद्र बघून ये."

कडोदऱ्याच्या नाक्यावर रिक्षात बसलो आणि चलथाणकडून वारा आला. साखर कारखान्याच्या मळीचा तो आंबूस-गोड वास, थेट पोटलीचा! श्वासाकडे बघायला गेलो, तर श्वासाबरोबर तोच वास आत. तलफ जागी झाली.

पर्वत पाटियाला रिक्षा सोडून बस धरायची होती. तिथे आमच्याच गावचा भिका भेटला. तोही लूमवर (यंत्रमागावर) कारागीर.

"कथा चालना भो?" (कुठे निघालास?)

"डुमसला."

"साधू व्हयना का तू? चाल, जराशी लिसूत." (थोडी घेऊ.)

पाय त्याच्याकडे वळायला लागले होते. श्वास तर सापडतच नव्हता. मावशींनी सांगितलं होतं, श्वास नाही जमला तर हातांना काम दे. खिशात सुताचा तुकडा होता, आम्हा कारागिरांच्या खिशात असतोच. तो तोडला आणि तुटलेला ताणा (मागावरचा उभा धागा) जोडतात तशी गाठ मारू लागलो. गाठ जाडजूड झाली. भिकाला बघवेना.

"हाई काय गाठ शे? फणीमा अटकी जाई!" (ही काय गाठ झाली? मागाच्या फणीत अडकेल!) त्यानं सूत हिसकावलं आणि बारीक, सफाईदार गाठ मारून दाखवली. मी पुन्हा तोडलं, पुन्हा बांधलं. तो चुका काढत राहिला. तेवढ्यात माझी बस आली.

"तू बी चाल ना," मी म्हटलं.

"तूच जाय रे साधू," म्हणत तो हसत निघून गेला. मी बसमध्ये चढलो.

डुमसच्या समुद्रकाठची वाळू काळी. गाडीवाल्यानं विचारलं, "शुं जोईए, भाई?" (काय हवंय?) टोमॅटोची भजी घेतली. घाईत जीभ पोळली, पण चव कळली. भरती येत होती. इथून जवळच तापी समुद्राला मिळते. आमच्या गावाखालून वाहणारी, जिच्या काठावर आई गोधड्या धुवायची आणि मी वाळूत खरबुजं शोधायचो, तीच तापी. आईचा ओला पदर आठवला.

संध्याकाळी खानावळीत परतलो. मावशींनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"जेवायचा आहेस ना?"

"हो."

त्यांनी वरण आणि गरम भाकरी वाढली. सगळे उठल्यावर मागे वळून पाहिलं, तर त्या चुलीपाशी उभ्या उभ्याच उरलेली थंड भाकरी खात होत्या. इतकी वर्षं तिथे जेवलो, पण रविवारी संध्याकाळी मी शुद्धीवर कधी नव्हतोच. हे कधी दिसलंच नाही.

मावशी, एक दिवस तुम्हाला पाटावर बसवीन आणि तव्यावरची भाकरी माझ्या हातानं वाढीन. अजून थापता येत नाही. शिकेन.