सोळा पाचरी

मी आयुष्यभर कारखान्यात नकाशे काढले, तेही लोखंडाचे. लाकडाशी माझा संबंध जेवणाच्या टेबलापुरता. तरीही झाशीत आमच्या खंडेराव गेटच्या गणपतीत एका मास्तरांनी मला बाजूला घेऊन "भैयाजी, आमचं घर एक बार बघून घ्या ना," म्हटलं, तेव्हा मी आढेवेढे न घेता हो म्हणालो. रिटायर झाल्यापासून नाक खुपसायला जागाच उरली नव्हती, हे त्यामागचं खरं कारण.

मास्तरांचं गाव झाशीपासून स्कूटरनं तासाभरावर. घर मराठ्यांच्या वेळचं, दक्षिणेतून सुतार आणवून बांधलेलं, सगळं सागवानी सांगाड्यावर उभं. म्हणून सरकारनं ते संरक्षित केलं आहे. मास्तर आणि वहिनी तिथं राहू शकतात, पण परवानगीवाचून एक खिळाही ठोकू शकत नाहीत. उन्हाळ्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी माजघरातला कोपऱ्याचा खांब ढकलून पाहिला आणि तो हलला. दसऱ्यानंतर पुन्हा येऊ, तेव्हाही हलला तर घर रिकामं करून कुलूप लावू, असं ते लिहून देऊन गेले. मास्तरांनी दुरुस्तीसाठी अर्ज केला, त्याला अजून उत्तर नव्हतं.

मी खांबाला खांदा लावला. दुधाचा दात हलावा तसा तो हलला. मी पटकन मागे सरलो आणि वर बघितलं, कारण डोक्यावर अख्खं छप्पर होतं.

पण मग मला ते घर सोडवेना. भिंती जाडजूड दिसत होत्या, पण बोजा त्यांच्यावर नव्हताच. खांबाखांबांमधली जागा भरायला त्या विटामातीनं लिंपलेल्या होत्या, इतकंच. सगळा भार खांबांवर, आणि खांब जमिनीत न पुरता दगडी बैठकीवर नुसते ठेवलेले, म्हणजे वाळवीला वाटच नाही. मी सतरंजी पसरून उताणा पडलो आणि टॉर्च मारून तुळया बघू लागलो. वहिनी चहा घेऊन आल्या आणि मला वळसा घालून गेल्या. या माणसाचं काही खरं नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

साऱ्या सांगाड्यात एकही खिळा नव्हता. तुळईचं टोक निमुळतं करून खांबाच्या खाचेतून आरपार काढलेलं, आणि पलीकडे निघालेल्या टोकाला भोक पाडून त्यात बोटभर जाडीची पाचर बसवलेली. पाचर आत गेली की तुळई खांबाला घट्ट आवळते. मी एका पाचरीला हात लावला, तर ती अलगद माझ्या हातात आली. ती मी कुणी बघायच्या आत मुकाट्यानं परत बसवली.

हात धुवायला गेलो तेव्हा देवघरात नजर गेली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, आणि त्यांच्या शेजारी शेंदूर फासलेली एक भली मोठी मोगरी, म्हणजे सुताराचा लाकडी हातोडा.

"हा कोणता देव?" मी विचारलं.

"पता नहीं जी," मास्तर म्हणाले. "खंडेनवमीला तिची पूजा करतो. मग ती घेऊन घरात फिरायचं आणि सोळा ठिकाणी लाकडाला हळूच लावायची, ऊपर एक फूल. आमच्या वडलांनी असंच शिकवलं."

"कुठल्या सोळा ठिकाणी?"

ते स्टुलावर चढून एकेक जागा दाखवू लागले. चौथ्या जागेपाशीच माझ्या लक्षात आलं आणि मी मोठ्यानं हसलो. मास्तरांना राग आला. यायलाच हवा होता. पण ती प्रत्येक जागा म्हणजे एकेक पाचर होती. पावसात फुगलेलं लाकूड आश्विनात सुकू लागतं आणि पाचरी सैल पडतात. सुतारांनी सांगून ठेवलं असणार की दर नवमीला मोगरीनं त्या हाणा. पुढे कुणीतरी भक्तिभावानं हाणायचं सोडलं आणि मोगरी नुसती टेकवायला लागलं. किती पिढ्या झाल्या, कुणास ठाऊक.

मास्तर स्टुलावरच बसले. "म्हणजे आम्ही घराला नमस्कारच करत राहिलो," ते म्हणाले.

प्रश्न राहिला परवानगीचा. मी मास्तरांच्या फोनवरून साहेबांना विचारलं, परंपरेनं चालत आलेली नवमीची पूजा केली तर चालेल ना?

"पूजा-पाठ में हमें क्या आपत्ति? कीजिए, खूब कीजिए," साहेब म्हणाले.

आम्ही खूब केली. नवमीला मास्तर धोतर नेसले, पहिलं फूल वाहिलं आणि मोगरी उचलली, पण हात खाली येईना. देवानं देवाला मारायचं कसं, अशी पंचाईत. शेवटी वहिनी म्हणाल्या, "मारा ना, मी पाहतेय." पहिला घाव पडला तशी वरून मातीची धूळ भरभर गळाली, आणि मला वाटलं, संपलं सगळं. सोळावी पाचर बसेपर्यंत आम्ही तिघंही पांढरे झालो होतो.

एकादशीला साहेब आले. खांबाला एकदा खांदा लावला, मग दोन्ही हातांनी रेटा दिला, ओळंबा सोडून पाहिला. खांब जागचा हलला नाही. त्यांनी कागदावर "निवास योग्य" लिहिलं, प्रसादाचा पेढा खाल्ला आणि गेले.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मास्तरांनी खिशातून एक कोरी किल्ली काढली आणि वहिनींपुढे धरली. झाशीत दतिया गेटपाशी त्यांनी एक खोली भाड्यानं घेऊन ठेवली होती, दोन महिने झाले. "तुला बोललो नाही," ते म्हणाले. "वाटलं, तुला सहन होणार नाही."

वहिनींनी किल्लीकडे नीट पाहिलंसुद्धा नाही.

"मला माहीत होतं, घर जाणार," त्या म्हणाल्या. "म्हणून यंदा मी कुरडया घातल्याच नाहीत. वर्षभराचं करून काय करू, असं वाटलं. कुरडई का नाही, असं तुम्ही जेवताना एकदाही विचारलं नाहीत, म्हणून समजले की तुम्हीही आशा सोडली आहे." आणि त्या खांबाला टेकून, तोंडावर पदर धरून, मोठ्यानं रडू लागल्या.