रत्नागिरीत माझा जामीन कोण?

कोल्हापूरच्या मोटार स्टँडवरच्या ड्रायव्हर मंडळींनो, हे कार्ड सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. रत्नागिरीच्या कोठडीतून लिहितोय.

काल भाट्याला माडी प्यालो आणि भर दुपारी रिकामी गाडी एका जांभ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीवर घातली. रस्त्यावरची माणसं वाचली, गडगा गेला. वर पोलिसाला ऐटीत म्हणालो, "लायसन कोल्हापूर दरबारचं आहे, तुमचं नाही." तेच भोवलं.

आज कोर्टात मॅजिस्ट्रेट म्हणाले, "तू संस्थानचा. एकदा घाट चढून दरबारच्या हद्दीत गेलास की आमच्या हाती लागणार नाहीस. इथला घरदार असलेला जामीनदार आण, नाहीतर खटला होईपर्यंत आत राहा."

सहा वर्षं या रस्त्यावर गाडी चालवतोय. माझ्या गाडीतून आलेली निदान दहा माणसं समोर बसली होती. एकेकाकडे आशेनं बघितलं. कुणी ओळख दाखवली नाही. असा संताप आला!

शिपायानं मला वळवून दाराकडे चालवलं, तोच मागून मिरकरवाड्याची एक मासेवाली म्हातारी ओरडली, "अगो बाय, ह्यो तर आपला डायवर!"

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. या लोकांनी सहा वर्षं माझी पाठच पाहिली होती. मी तरी कधी मागे वळून कुणाशी बोललो?

म्हातारी जामीन राहायला तयार होती. पण घर तिच्या नावावर नाही, म्हणून कोर्टानं नाकारलं. जाताना तिनं विचारलं, "नाव काय रं तुजा?"

घाटाखाली हे मला आज पहिल्यांदा कुणी विचारलं. तुम्हाला कुणी विचारलंय?