चौकोनांखालची आई

"वरचा रंग काढा, मॅडम. आई दिसली पायजे," शैलाताई म्हणाल्या.

टेबलावर त्यांच्या वडिलांचं चित्र होतं. आडव्या-उभ्या निळ्या रेषा, मध्ये लाल आणि पिवळे चौकोन. शेजारी मी काढलेला इन्फ्रारेड फोटो. रंगाखाली कोळशानं काढलेलं रेखाटन या फोटोत उमटतं. खाली आधी रंगवलेलं पोर्ट्रेट होतं: खुर्चीत बसलेली बाई. ती आईच, असं ताईंचं म्हणणं. पदर, हात स्पष्ट. चेहरा पुसट. तिथं रंग जाड असेल, असं मी सांगून बसले होते.

मी कोल्हापुरात जुनी चित्रं दुरुस्त करते. ताई कुरुंदवाडहून चित्र नुसतं साफ करायला आल्या होत्या. त्या तीन वर्षांच्या असताना आई गेली. घरात तिचा एकही फोटो नव्हता.

वडील गारगोटीला ड्रॉइंग मास्तर. पोर्ट्रेटसाठी तालुक्यात नाव. मग एका डच चित्रकाराची छापील चित्रं त्यांच्या हाती लागली. तो आधी नदीकाठची झाडं हुबेहूब रंगवायचा. हळूहळू पानं गेली, फांद्या गेल्या, रेषा आणि चौकोन उरले. पोटासाठी मात्र तो फुलं रंगवत राहिला. मास्तरांनी पोर्ट्रेटं कायमची सोडली. गाव हसलं.

"ताई, वरचा थर काढला की मास्तरांचं हे चित्र संपलं. अशी अजून किती आहेत?"

"ह्ये एकच. बाकीची वाळवीनं खाल्ली."

"मग?"

"चौकोन कुणी बी काढंल की. माझी आई कोण काढणार?"

चेहऱ्यावरची काडेपेटीएवढी जागा उघडून बघायचं ठरलं. मायक्रोस्कोपखाली स्काल्पेलच्या बारीक पात्यानं दोन दिवस थर उचलला.

खाली चेहरा नव्हता. कॅनव्हासचे उघडे धागे होते, आणि चाकूचे ओरखडे.

ताईंना बोलावलं. त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"आईचं तोंड खरवडलं बाबांनी?"

"चेहऱ्यावर रंगाचे थर जास्त असतात. वर सपाट रंग द्यायचा तर ते खरवडावे लागतात. चित्रकार असं करतात."

हे खरं होतं. मास्तरांच्या मनात तेवढंच होतं का, ते मायक्रोस्कोपमध्ये दिसत नाही.

"हात तरी हायत न्हवं?"

"आहेत."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच. झाका."

पुढं कधीही काढता येईल अशा रंगानं मी ती जागा भरली. ताई चित्र घेऊन गेल्या. इन्फ्रारेड फोटो नेला नाही.

चित्र दुरुस्तीला घेताना मी गिऱ्हाइकाकडून एक फॉर्म भरून घेते. त्यानंतर त्यावर मी एक ओळ वाढवली: खाली काही सापडलं, तर सांगायचं का? आजवर एकानंही 'नको' लिहिलेलं नाही.