पांढऱ्या साड्यांचा पुरावा

मी संशयी माणूस आहे, आणि त्याचाच मला पगार मिळतो. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं निम्मं काम शंका घेण्याचं असतं. वय विचारलं तर कोणीतरी गावाचं नाव टाकणार, लाइट नेमकी नको तेव्हा जाणार, चालणारी गोष्ट शुक्रवारी संध्याकाळी बंद पडणार, हे सगळं आधीच धरून चालावं लागतं. पुण्यात बरीच वर्षं हे केलं. मग कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तेव्हा तिरोडा तालुक्यातल्या आमच्या गावी परत आलो. घरी फक्त मोठी आई होती. माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आईच्या माघारी तिनेच मला वाढवलं.

संशय माझ्याबरोबर गावी आला. फोनमधली साधी टॉर्चसुद्धा मी दोनदा काढून टाकली, कारण तिला माझ्या ओळखीच्या लोकांची यादी हवी होती. उजेड पाडायला यादी कशाला लागते? नव्या वीजमीटरकडे मी जाता-येता वाकड्या नजरेने बघतो. काम मी अजून साध्या काळ्या पडद्यावरच करतो. पुढचा शब्द सुचवणारी नवी हत्यारं मला चालत नाहीत, कारण माझ्या मनातलं माझ्याआधी त्यांना कळावं हे मला पटत नाही. एकदा मोठ्या आईला मी कौतुकाने म्हणालो, घरातलं एकच यंत्र मला प्रामाणिक वाटतं, तुझा पाटा-वरवंटा. तो कधी अपडेट मागत नाही.

"मंग तूच वाट ना चटनी," ती म्हणाली. "मी मिक्सरच लावून राहिली."

राजकारणाचंही तेच. मोर्चात मी कधी गेलो नाही. पुढे चालणाऱ्याचा फोटो निघतो आणि मागे चालणाऱ्याची चप्पल तुटते, असं माझं मत. फोनवर बोट टेकवून जंगल वाचवणाऱ्या अर्जांवर तर माझा त्याहून कमी विश्वास. मला लागतो पुरावा. मोजलेला, नोंदलेला, कोणालाही पुन्हा तपासता येईल असा. घोषणेने काही सिद्ध होत नाही, असं मी चहाच्या टपरीवर बऱ्याचदा ऐकवलेलं आहे. लोक चहा पीत ऐकून घ्यायचे.

आमच्या गावाच्या कडेला तूस जाळून वीज करणारा एक कारखाना आहे. आमचा जिल्हा धानाचा, त्यामुळे राइस मिलांमधून भाताचं तूस डोंगरासारखं निघतं. ते जाळायचं, वाफ करायची, वीज विकायची. धान दरवर्षी पुन्हा उगवतं आणि धुरातलं जे काही असेल ते परत शोषून घेतं, म्हणून सरकारी कागदावर हा धूर जवळजवळ धूरच नसतो. फाटकावर हिरवं पान रंगवलेलं आहे. या हिरव्या पानावर माझा पहिल्या दिवसापासून राग. साऱ्या पृथ्वीचा विचार करता ते बरोबर असेलही, मी नाही म्हणत नाही. पण राख काही साऱ्या पृथ्वीवर पडत नाही. ती आमच्या मोहल्ल्यावर पडते.

पडते, असं मोठी आई म्हणायची. तिला खोकला लागला होता. पायऱ्या चढताना ती मध्येच थांबायची आणि विचारलं की कोपऱ्यात काहीतरी शोधत असल्याचं दाखवायची. दवाखान्यातल्या डॉक्टरने धुरा-धुळीपासून जपा म्हणून सांगितलं होतं. त्यातच बातमी आली की कारखान्याला दुसरा बॉयलर बसवायचा आहे, आणि त्यासाठी ग्रामसभेचा ना हरकत ठराव हवा आहे. एका बॉयलरने हे हाल, तर दोन बॉयलरांनी काय होईल? तिच्याशिवाय मला घरचं असं कोणी नाही.

मोहल्ल्यातल्या बायांकडे त्यांचा स्वतःचा पुरावा होता. आमच्याकडे पौर्णिमेला बाया पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जातात. त्यासाठी आदल्या दिवशी साड्या धुऊन, नीळ देऊन दोरीवर टाकतात. मोहल्लाभर त्या दिवशी पांढरंच पांढरं दिसतं. सकाळी साड्या काढायला जावं तर कधी कधी त्यांवर मोहरीएवढे काळे ठिपके असायचे. झटकले की फिसकटायचे आणि डाग आणखी पसरायचा. एका पौर्णिमेला सगळ्या बाया तशाच डागाळलेल्या साड्या नेसून वंदनेला बसल्या. त्या दिवशी मोठी आई घरी आली ती तावातावाने.

"रंगीत साडीवर पडली तं दिसत नाई, पन पडते तं रोजच ना," ती म्हणाली. "छातीत जाते तवा कोन्ता रंग दिसते?"

मी म्हटलं, साडीवरून काही सिद्ध होत नाही. मी मोजतो.

हवेतले कण मोजणारं काडेपेटीपेक्षा थोडं मोठं यंत्र मी मागवलं आणि गच्चीवर टाकीच्या आडोशाला बसवलं. दर मिनिटाला एक आकडा यायचा. विकत घेतलेल्या यंत्रावर माझा विश्वास असणं शक्यच नव्हतं. पहिल्याच संध्याकाळी त्याने तो अविश्वास खराही करून दाखवला. मोठ्या आईने अंगणात पाणी तापवायला चूल पेटवली आणि आकडा टुणकन वर उडाला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. मला कारखान्याची राख मोजायची होती, आमची चूल नाही. म्हणून मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. चालू आकड्यापेक्षा नवा आकडा एकदम दुप्पट झाला, तर ती चूक धरायची आणि हवा पुन्हा खाली येईपर्यंतचे सगळे आकडे बाजूला टाकायचे. आमच्या धंद्यात ही रोजची गोष्ट आहे. भाजी निवडताना किडकं पान काढतात, तितकी साधी.

दोन महिने मी मोजत राहिलो. आलेख निघाला तो सपाट. हवा फार चांगली नव्हती, पण पुण्यातल्या माझ्या जुन्या खोलीपेक्षा बरी होती. खरं सांगायचं तर मला थोडं वाईट वाटलं आणि थोडा अभिमानही वाटला. अभिमान याचा, की कारखान्यावर राग असूनही मी आकड्यांना माझ्या बाजूने वळवलं नाही.

ग्रामसभा ग्रामपंचायतीच्या आवारात भरली. एरवी बाया मागे बसतात, त्या दिवशी पुढे आल्या. मोठ्या आईने पिशवीतून साडी काढली आणि तिने व आणखी एका बाईने ती दोन टोकांना धरून उभी केली.

"हे पाहा सरपंच, पुनवेची साडी," ती म्हणाली. "आता हिले पांढरी कोन म्हनल? एका बॉयलरनं हे, तं दुसरा कायले पाहिजे?"

सरपंचांनी साडीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "तुमच्याच घरी यंत्र लावलं आहे म्हनते. तुमी सांगा ना."

मी उभा राहिलो. मी बसून राहू शकलो असतो, "अजून मोजतो आहे" म्हणू शकलो असतो. पण सत्याशी प्रामाणिक राहायची खुमखुमी होती मला. मी लॅपटॉप उघडून सपाट रेघ दाखवली. म्हणालो, कारखान्यावर माझाही विश्वास नाही, पण आकडे राख पडते असं म्हणत नाहीत. साडीवरचे ठिपके चुलीच्या धुराचे असू शकतात. पुराव्याशिवाय विरोध केला तर उद्या आपल्यालाच लोक हसतील.

साडी धरलेल्या दुसऱ्या बाईने आपलं टोक सोडलं. मोठ्या आईने एकटीने साडीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि खाली बसली. हात वर करून ठराव झाला. ना हरकत मिळाली.

त्यानंतर ती माझ्याशी नीट बोलायची, जेवायला वाढायची. फक्त खोकला आला की उठून परसात जायची. मला वाटायचं, रागावली आहे, होईल शांत.

आठवड्याभराने कारखान्याचा एक अधिकारी घरी आला. गोंदियाकडचा, हिंदी बोलणारा, हसतमुख. हातात मिठाईचा डबा.

"सर, आपने तो कमाल कर दिया," तो म्हणाला. "आपका ग्राफ हम फाइल में लगा देंगे. कंपनी के बाहर का आदमी बोले तो वजन पड़ता है."

मी डबा घेतला नाही, पण मान डोलावली. तो गेल्यावर मात्र बसवेना. ज्याच्यावर माझा संशय होता तो मला पेढे देत होता. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या यंत्रांवर शंका घेतली, टॉर्चवर, मीटरवर, हिरव्या पानावर, आणि हा आलेख ज्या प्रोग्राममधून निघाला तो माझ्या हातचा म्हणून मी त्याकडे परत वळूनही पाहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात ते काही उगाच नाही.

बाजूला टाकलेले आकडे मी पुसत नाही. ते एका वेगळ्या फाइलमध्ये जमा होत राहतात, ही माझी सवय. ती फाइल उघडली. वाटलं होतं तिच्यात संध्याकाळची चूल असेल, आणि ती होतीही. पण चुलीच्या कितीतरी पट जास्त आकडे पहाटेचे होते, जेव्हा आमच्याच काय, मोहल्ल्यात कोणाच्याही घरी चूल पेटलेली नसते. पहाटे बॉयलर साफ करायला वाफेचा झोत मारतात आणि साचलेली राख एकदम बाहेर फेकली जाते, हे मला नंतर तिथे काम केलेल्या एकाकडून कळलं. राख हळूहळू पडतच नव्हती. ती झटक्यात यायची, आकडा दुप्पट-चौपट व्हायचा, आणि माझी ती ओळ त्याला चूक ठरवून बाजूला सारायची. रोज. मग मी कॅलेंडर घेतलं आणि पौर्णिमांच्या सकाळी पाहिल्या. मोजणी चालू असताना ज्या पौर्णिमेला साड्या पुन्हा डागाळल्या होत्या, त्या पहाटे टाकून दिलेल्या आकड्यांची रांग संपतच नव्हती.

मला लाज वाटली. ही चूक कारखान्याने केली नव्हती, सरकारने केली नव्हती. राख पकडायला बसवलेल्या प्रोग्रामला मी स्वतः राख दिसली की डोळे मिटायला शिकवलं होतं.

मोठी आई अंगणात तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं, अगदी सोपं करून. ती ऐकत होती, हात थांबला नव्हता.

"मंजे साडी खरी होती," ती म्हणाली.

"हो."

"आन तुले मालूम होतं, का नव्हतं?"

"नव्हतं गं. शप्पथ."

तिने सूप खाली ठेवलं. "मले सांगून काय होते? सभेत म्हनलं होतं ना? सभेत जाऊन सांग."

पुढच्या सभेत मी सांगितलं. नवा आलेख दाखवला, पहाटेची टोकं दाखवली, माझी चूक कुठे झाली ते कबूल केलं. सरपंच म्हणाले, ठराव तर झाला, कागद पुढे गेले. मागून एक म्हातारा शेतकरी उठला. तो चिडलेला नव्हता, खरंच विचारत होता. "मांगच्या खेपेस बी तू असंच आकडे दाखवून सांगत होतास. तवा ते खरं होतं, आता हे खरं आहे. आमी कोन्तं धरावं बाबू?" दोघं-तिघं हसले. मी लॅपटॉप मिटला. बोलता येईल असं बरंच होतं, पण त्यातलं काहीही मी मागच्या सभेतही म्हणालो असतो.

बायांनी मग माझी वाट पाहिली नाही. त्यांनी ठरवलं, तालुक्याला आपण स्वतः अर्ज द्यायचा, विहारातल्या सगळ्या बायांच्या सह्या-अंगठ्यांनी, सोबत साड्या घेऊन. दुसऱ्या बॉयलरच्या चिमणीचा पाया तोवर खणून झाला होता. अर्ज टाइप करायला कोणीतरी हवं होतं, म्हणून एका दुपारी मोठी आई माझ्या टेबलाशेजारी स्टूल घेऊन बसली. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. एके ठिकाणी मला वाक्य सुधारावंसं वाटलं, पण मी हात आवरला. तिने अर्ज माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मी अक्षर न गाळता वाचला. प्रिंट काढून दिली.

तिला वाचता येत नाही. लहानपणापासून घरात आलेला प्रत्येक कागद, रेशनचा, दवाखान्याचा, बँकेचा, मीच तिला वाचून दाखवत आलो. मी वाचलं की ती मान हलवायची आणि कागद घडी करून डब्यात ठेवायची. त्या दिवशी तिने कागद हातात धरला, पदर सावरला आणि बाहेर गेली. कुंपणाशी उभी राहून तिने शेजारच्या सुनेला हाक मारली. ती बारावी शिकलेली आहे.

"वाच वो बाई," मोठी आई तिला म्हणाली. "ह्यात काय लिवलं आहे ते मले सांग."

सून पहिल्या ओळीपासून वाचू लागली. मी दारात उभा होतो. मोठी आई तिच्या तोंडाकडे बघत, एक-एक शब्द ऐकत होती.