रबरी नळीचं दुसरं टोक

गॅरेजच्या रांगेत त्याला सगळे डुलकीमास्तर म्हणत, आणि त्यात लोकांची काही चूक नव्हती. रबरी नळीचं एक टोक इंजिनाशी, दुसरं कानाशी धरून हा माणूस असे काही डोळे मिटायचा, की नवख्या गिऱ्हाइकाला वाटावं, आपण गाडी दुरुस्तीला आणली की याला झोपवायला? पण मास्तर झोपत नसे. तो आत जाई. इंजिन त्याला घरासारखं वाटे. इथे झडपांची टकटक, तिकडे पट्ट्याची कुरकुर, आणि मागच्या एखाद्या खोलीत झोपेत कुणीतरी श्वास घेतंय. त्या खोल्यांमधून तो निवांत हिंडे आणि बिघाडाचं बखोट धरूनच बाहेर येई.

एका चष्मेवाल्या गिऱ्हाइकाची जुनी गाडी त्या दुपारी तिसऱ्यांदा परत आली. चालताना गुणी, पण सिग्नलला थांबली की तिच्या अंगात कापरं भरे आणि ती मान टाकी.

"मागचे हॉर्न वाजवून जीव खातात हो," चष्मेवाला काकुळतीने म्हणाला. "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा मास्तर, मी दुसरीकडे नेतो." आणि चावी ठेवून गेला.

मास्तरचे प्लग बदलून झाले होते, कार्बोरेटर धुऊन झाला होता. गेल्या वेळी काहीच सापडेना, तेव्हा त्याने आयडलिंगचा स्क्रू पिळून उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग वाढवून दिला होता. वेग वाढला की थरथर झाकली जाते. ही चालढकल त्याला मनातून खात होती. इंजिन कुठूनतरी चोरून हवा ओढतंय, एवढं त्याला कळत होतं. कुठून, ते ऐकायचं होतं.

त्याने नळी कानाशी धरली. पत्र्याच्या फटीतलं ऊन मिटल्या पापण्यांवर तांबूस झालं, पेट्रोलचा वास दाटला, आणि तो आत शिरला. टकटक होती, घरघर होती. पण हवा ओढल्याची ती बारीक सूं सूं, जी आयुष्यभर त्याला हाक मारत आली होती, ती कुठेच नव्हती. तो एकेक दार उघडत गेला आणि प्रत्येक खोलीत नुसती शांतता. मास्तर घाबरला. कानच गेला तर आपल्यापाशी उरलं काय?

डोळे उघडले तर समोर बायको, हातात डबा.

"कधीची हाका मारतेय," ती ओरडून म्हणाली.

अलीकडे ती ओरडूनच बोले. तिचा आवाज असा काही चढला होता, की आपलं काहीतरी मोठं चुकलंय अशा समजुतीने मास्तर घरात दबकत वावरे. विचारायची मात्र छाती होत नव्हती.

आज त्याने नळीचं दुसरं टोक तिच्यापुढे केलं. "कानाला लाव. मी इकडून फिरवतो. हवा ओढल्यासारखं वाजलं की सांग."

तिने डबा बाकावर ठेवला, नळी कानाला लावली आणि आपसूक डोळे मिटले. तिचा चेहरा दूर कुठेतरी गेल्यासारखा झाला. आपणही असेच दिसत असू, मास्तरला वाटलं.

"इथे," ती म्हणाली. "कुणीतरी गरम चहाचे भुरके मारतंय."

कार्बोरेटरमागच्या बोटाएवढ्या पाइपला वळणावर चीर गेली होती. मास्तरने चिरेवर अंगठा दाबताच थरथर विरली. वेग तेवढा उगाच चढला, कारण स्क्रू अजून पिळलेलाच होता.

"तुला कधी कळलं?" नवा पाइप बसवताना त्याने खाली मान घालून विचारलं.

"वर्ष होत आलं. दारावरची बेल वाजते आणि तुम्ही आपले ढिम्म."

"मग बोलली नाहीस?"

"तुम्हाला काय सांगू, कान गेला म्हणून? मी आपला आवाज वाढवला. म्हटलं, तेवढं झाकलं जाईल."

मास्तरला हसू फुटलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. वर्षभर तो जिला रागावलेली समजत होता, ती त्याला सांभाळत होती.

त्याने स्क्रू हळूहळू मागे घेतला. इंजिन इतकं शांत झालं, की खात्री करायला त्याला त्यावर तळवा ठेवावा लागला.

"चालू आहे ना?"

"चालू आहे," ती ओरडली.

मास्तरने स्टूल ओढून आपल्या उजवीकडे ठेवलं. "इकडे बस. हा कान त्यातल्या त्यात बरा आहे. आता हळू बोललीस तरी चालेल."